क्रयशक्ती समता : आंतरराष्ट्रीय किंमत व उत्पादन तुलनेच्या पद्धती, उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना

कोणत्याही देशाच्या आर्थिक प्रगतीचे मोजमाप करताना स्थूल देशांतर्गत उत्पादन ही संकल्पना प्रामुख्याने वापरली जाते. प्रत्येक देश आपले उत्पादन आपल्या चलनात मोजतो. भारताचे उत्पादन रुपयांत, जपानचे येनमध्ये, तर अमेरिकेचे डॉलरमध्ये व्यक्त होते. या आकड्यांची परस्परांशी तुलना करावयाची असल्यास ते एका समान चलनात आणणे क्रमप्राप्त ठरते. हे रूपांतर कोणत्या दराने करावे, या वरवर तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर जगातील गरिबांची संख्या, अर्थव्यवस्थांची क्रमवारी, आंतरराष्ट्रीय संस्थांमधील मताधिकार आणि विकास निधीचे वाटप अवलंबून असते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार केवळ संख्याशास्त्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

प्रस्तुत लेखात क्रयशक्ती समता या संकल्पनेचे स्वरूप, तिच्या मापनाच्या पद्धती, आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाची कार्यपद्धती, भारताच्या संदर्भातील निष्कर्ष आणि या मापनाच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

विनिमय दर : एक अपुरी मोजपट्टी

रूपांतराचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बाजारातील विनिमय दर होय. परंतु विनिमय दर हा चलनाच्या मागणी-पुरवठ्यावर ठरतो. आयात-निर्यात, परकीय भांडवलाची आवक-जावक, व्याजदरातील फरक, सट्टेबाजी आणि मध्यवर्ती बँकेचा हस्तक्षेप या सर्वांचा त्यावर प्रभाव पडतो. काही महिन्यांत एखाद्या चलनाचे मूल्य दहा टक्क्यांनी घसरले, तर त्या देशातील शेते, कारखाने, शाळा व रुग्णालये यांचे उत्पादन दहा टक्क्यांनी घटले असे म्हणता येत नाही. डॉलरमध्ये रूपांतरित केलेला आकडा मात्र तसे दर्शवितो.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. देशातील उत्पादनाचा मोठा भाग सीमेपलीकडे जात नाही. घरभाडे, शिक्षण, वैद्यकीय सेवा, केशकर्तन, स्थानिक वाहतूक, बांधकाम यांचा व्यापार देशादेशांत होत नाही. त्यांच्या किमती विनिमय दराच्या निश्चितीत थेट सहभागी नसतात. विकसनशील देशांत या सेवा तुलनेने स्वस्त असल्यामुळे विनिमय दराने केलेली तुलना तेथील वास्तविक उत्पादन व राहणीमान प्रत्यक्षापेक्षा कमी दाखविते.

यावर उपाय म्हणून क्रयशक्ती समतेचा आधार घेतला जातो. अमेरिकेत एका डॉलरमध्ये वस्तू व सेवांचा जो संच खरेदी करता येतो, तोच संच भारतात खरेदी करण्यासाठी किती रुपये लागतील, ती संख्या म्हणजे रुपयाची डॉलरच्या संदर्भातील क्रयशक्ती समता होय. या दराने रूपांतरित केलेल्या रकमेस आंतरराष्ट्रीय डॉलर असे म्हणतात. क्रयशक्ती समतेस विनिमय दराने भागले असता किंमतपातळी निर्देशांक मिळतो. हा निर्देशांक एखादा देश आधारभूत देशाच्या तुलनेत किती स्वस्त वा महाग आहे, हे दर्शवितो.

संकल्पनेची वाटचाल

चलनाचे मूल्य त्याच्या खरेदीशक्तीवर अवलंबून असते, हा विचार सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका येथील विद्वानांच्या लेखनात आढळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुवर्ण परिमाण कोलमडले आणि चलनांचे नवे दर कसे ठरवावेत, हा प्रश्न युरोपापुढे उभा राहिला. त्या संदर्भात स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव्ह कॅसल यांनी १९१८ मध्ये 'क्रयशक्ती समता' ही संज्ञा रूढ केली. रुपयाच्या प्रश्नाची चर्चाही याच कालखंडातील आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या विनिमय दराच्या स्थैर्यापेक्षा त्याच्या अंतर्गत क्रयशक्तीच्या स्थैर्यास अधिक महत्त्व दिले होते.

कॅसल यांच्यापुढील प्रश्न विनिमय दर कोणता असावा, हा होता. विविध देशांतील उत्पादनाच्या तुलनेसाठी ही संकल्पना वापरण्याचे श्रेय पुढील पिढीकडे जाते. कॉलिन क्लार्क यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विविध देशांचे उत्पन्न एका समान आंतरराष्ट्रीय एककात मांडण्याचा प्रयत्न केला. १९५४ मध्ये मिल्टन गिल्बर्ट व आयर्व्हिंग क्रॅव्हिस यांनी अमेरिका व पश्चिम युरोपातील काही देश यांची तपशीलवार तुलना केली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सांख्यिकी कार्यालय आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम सुरू झाला. क्रॅव्हिस, ॲलन हेस्टन व रॉबर्ट समर्स हे त्याचे प्रमुख शिल्पकार होत. १९७० हे आधारवर्ष असलेल्या पहिल्या टप्प्यात केवळ दहा देशांचा समावेश होता आणि भारत त्यांपैकी एक होता.

सेवा स्वस्त का असतात?

गरीब देशांत किंमतपातळी कमी का असते, याचे प्रसिद्ध स्पष्टीकरण बेला बालासा व पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. श्रीमंत देशातील कामगार यंत्रसामग्री व तंत्रज्ञानाच्या साहाय्याने व्यापारयोग्य वस्तूंचे उत्पादन गरीब देशातील कामगाराच्या कितीतरी पट अधिक करतो. सेवांच्या बाबतीत मात्र ही तफावत अल्प असते. पुण्यातील केशकर्तनकार व न्यूयॉर्कमधील केशकर्तनकार एका तासात जवळपास सारख्याच ग्राहकांची सेवा करतात. व्यापारयोग्य क्षेत्रातील उच्च उत्पादकतेमुळे श्रीमंत देशात वेतनाची सर्वसाधारण पातळी उंचावते आणि सेवा क्षेत्रासही कामगार टिकविण्यासाठी तेच वेतन द्यावे लागते. परिणामी तेथे सेवा महाग होतात. गरीब देशात याच्या उलट घडते.

मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये याच प्रश्नाचे निराळे उत्तर दिले. उत्पादकतेतील तफावत गृहीत न धरताही, गरीब देशांत भांडवलाच्या तुलनेत श्रम विपुल असल्याने वेतन कमी राहते आणि श्रमप्रधान सेवा स्वस्त होतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन्ही स्पष्टीकरणांचा निष्कर्ष एकच आहे. सेवांची स्वस्ताई ही विनिमय बाजारातील तात्पुरती चूक नाही. ती विकासाच्या पातळीशी निगडित असून विनिमय दर कितीही मुक्त असला तरी टिकून राहते.

निर्देशांकाचा प्रश्न : एक काल्पनिक उदाहरण

संकल्पना सोपी असली तरी तिचे मापन सोपे नाही. दोन देशांतील लोक एकच संच खरेदी करीत नाहीत, ही यातील मुख्य अडचण आहे. ती स्पष्ट होण्यासाठी दोन देश व दोनच बाबींचे काल्पनिक उदाहरण घेता येईल.

'अ' देशात केशकर्तनाचा दर १०० रुपये आणि पंख्याची किंमत २,००० रुपये आहे. 'ब' देशात केशकर्तनाचा दर १० डॉलर आणि पंख्याची किंमत ५० डॉलर आहे. बाजारातील विनिमय दर एका डॉलरला ५० रुपये आहे. 'अ' देशातील कुटुंब वर्षाला २० वेळा केशकर्तन करते व एक पंखा घेते. त्याचा खर्च ४,००० रुपये होतो. 'ब' देशातील कुटुंब २० वेळा केशकर्तन करते व चार पंखे घेते. त्याचा खर्च ४०० डॉलर होतो.

'ब' देशाचा संच 'अ' देशात खरेदी केल्यास १०,००० रुपये लागतील. म्हणजेच ४०० डॉलरच्या संचास १०,००० रुपये, अर्थात एका डॉलरला २५ रुपये हा दर मिळतो. आधारभूत देशाचा संच वापरणाऱ्या या निर्देशांकास लॅस्पेयर निर्देशांक म्हणतात. याउलट 'अ' देशाचा संच 'ब' देशात खरेदी केल्यास २५० डॉलर लागतील. ४,००० रुपयांच्या संचास २५० डॉलर, म्हणजे एका डॉलरला १६ रुपये. हा पाशे निर्देशांक होय. किमती त्याच, कुटुंबे तीच, तरीही दोन भिन्न दर मिळतात आणि गणिताच्या दृष्टीने दोन्ही अचूक आहेत.

या फरकाचा तुलनेवर होणारा परिणाम लक्षणीय आहे. विनिमय दराने 'अ' कुटुंबाचे उत्पन्न ८० डॉलर, म्हणजे 'ब' कुटुंबाच्या २० टक्के ठरते. २५ रुपयांच्या दराने ते १६० डॉलर, म्हणजे ४० टक्के होते. १६ रुपयांच्या दराने ते २५० डॉलर, म्हणजे ६२.५ टक्के होते. दुसऱ्या देशाच्या किमतींनी मोजले असता पहिला देश अधिक श्रीमंत भासतो, कारण प्रत्येक देशातील लोक आपल्याकडे स्वस्त असणाऱ्या वस्तू तुलनेने अधिक वापरतात आणि त्याच वस्तू दुसरीकडे महाग असतात. अलेक्झांडर गेर्शेन्क्रॉन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. यावर तोडगा म्हणून दोन्ही निर्देशांकांचा भूमितीय मध्य घेतात. २५ व १६ यांचा भूमितीय मध्य २० येतो. हा फिशर निर्देशांक होय. त्यानुसार 'अ' कुटुंबाचे उत्पन्न २०० डॉलर, म्हणजे 'ब' कुटुंबाच्या निम्मे ठरते.

अनेक देशांची तुलना

दोनच देश असतील तर फिशर निर्देशांक पुरेसा ठरतो. देशांची संख्या वाढली की नवी अडचण उद्भवते. 'अ' व 'ब' यांच्यातील दर २० आणि 'ब' व 'क' यांच्यातील दर २ असेल, तर 'अ' व 'क' यांच्यातील दर ४० असावयास हवा. प्रत्यक्षात 'अ' व 'क' यांची थेट तुलना केल्यास तो ३८ किंवा ४३ येऊ शकतो. या विसंगतीमुळे देशांची क्रमवारी कोणत्या मार्गाने तुलना केली यावर अवलंबून राहते. म्हणून सर्व देशांसाठी परस्परसुसंगत दर देणाऱ्या पद्धतींची आवश्यकता भासते. त्यांपैकी दोन पद्धती प्रमुख आहेत.

पहिली गियरी-खामिस पद्धत होय. आयरिश संख्याशास्त्रज्ञ रॉय गियरी यांनी १९५८ मध्ये ती सुचविली आणि सालेम खामिस यांनी पुढे विकसित केली. या पद्धतीत सर्व देशांतील किमतींची परिमाणानुसार भारित सरासरी काढून प्रत्येक वस्तूची 'आंतरराष्ट्रीय किंमत' ठरविली जाते आणि सर्व देशांचे उत्पादन त्याच किमतींनी मोजले जाते. घटकांची बेरीज एकूण उत्पादनाशी जुळते, हा तिचा मोठा गुण आहे. तथापि आंतरराष्ट्रीय किमतींवर मोठ्या व श्रीमंत देशांचा प्रभाव अधिक असल्याने गरीब देशांचे उत्पादन फुगलेले दिसते. गेर्शेन्क्रॉन परिणाम येथे पुन्हा उद्भवतो.

दुसरी पद्धत गिनी, एल्टेटो, कोव्हेस व शुल्ट्झ यांच्या नावांनी ओळखली जाते. तीत प्रत्येक दोन देशांतील थेट फिशर निर्देशांक आणि इतर प्रत्येक देशामार्फत काढलेले अप्रत्यक्ष निर्देशांक यांचा भूमितीय मध्य घेतला जातो. या पद्धतीत सर्व देशांना समान स्थान मिळते आणि दर परस्परांशी सुसंगत राहतात. मात्र घटकांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. प्रारंभीच्या टप्प्यांत पहिली पद्धत प्रचलित होती. अलीकडील फेऱ्यांत मुख्यतः दुसऱ्या पद्धतीचा अवलंब केला जातो. एकाच पद्धतीत सर्व इष्ट गुण एकत्र येत नाहीत, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाची कार्यपद्धती

दहा देशांपासून सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा विस्तार क्रमाक्रमाने झाला. २००५ च्या फेरीत १४६, २०११ च्या फेरीत १९९, तर २०१७ च्या फेरीत १७६ अर्थव्यवस्था सहभागी होत्या. २०२१ हे आधारवर्ष असलेल्या फेरीचे निष्कर्ष मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातही १७६ अर्थव्यवस्थांचा समावेश आहे. जागतिक समन्वयाची जबाबदारी जागतिक बँकेकडे, आशिया-पॅसिफिक प्रदेशाची आशियाई विकास बँकेकडे, तर भारतातील अंमलबजावणी केंद्र शासनाच्या सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाकडे आहे.

या कार्यक्रमासाठी दोन प्रकारची माहिती लागते. पहिली किमतींची आणि दुसरी खर्चाची. स्थूल देशांतर्गत उत्पादनावरील खर्चाची सुमारे १५५ मूलभूत गटांत विभागणी केली जाते. तांदूळ हा असा एक गट आहे. प्रत्येक गटात काटेकोर वर्णन असलेल्या अनेक वस्तू असतात. केवळ 'तांदूळ' असे न म्हणता त्याचा प्रकार, दर्जा, वजन व वेष्टन निश्चित केले जाते, जेणेकरून सर्व देशांत एकाच वस्तूची किंमत नोंदविली जाईल. गटांतर्गत वस्तूंच्या किमतींवरून गटाचा दर काढतात. काही देशांत काही वस्तू मिळत नसल्याने राहणाऱ्या रिकाम्या जागा रॉबर्ट समर्स यांनी १९७३ मध्ये सुचविलेल्या सांख्यिकी पद्धतीने हाताळल्या जातात. त्यानंतर राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातील खर्चाचे भारांक वापरून गटांचे दर एकत्र केले जातात.

यातील खरी कसोटी समानता व प्रातिनिधिकता यांच्यातील ताणाची आहे. इथिओपियात टेफ हे धान्य मुख्य अन्न आहे, थायलंडमध्ये ते आढळत नाही. दोन्ही देशांत मिळणारी समान वस्तू निवडली, तर ती कदाचित एखाद्या देशातील सामान्य लोकांच्या वापरातील नसेल. प्रत्येक देशातील प्रातिनिधिक वस्तू निवडली, तर तुलना समान वस्तूंची राहत नाही.

सार्वजनिक सेवांचे मापन याहून कठीण आहे. शासकीय शाळा वा रुग्णालयातील सेवेस बाजारभाव नसतो. त्यामुळे शिक्षक, डॉक्टर व परिचारिका यांच्या वेतनावरून किंमत अनुमानिली जाते. वेतन कमी असलेल्या देशात सेवा अत्यंत स्वस्त आणि म्हणून तिचे परिमाण अवास्तव मोठे दिसते. हा दोष कमी करण्यासाठी २००५ पासून काही प्रदेशांत उत्पादकतेनुसार दुरुस्ती करण्यात आली. घरभाडे आणि बांधकाम यांच्या तुलनेतही अशाच अडचणी येतात.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वर्षांसाठी क्रयशक्ती समतेचे अनुमान दोन देशांतील भाववाढीच्या फरकावरून केले जाते. दर २० रुपये असताना एका वर्षात भारतात १० टक्के व अमेरिकेत ५ टक्के भाववाढ झाली, तर नवा दर सुमारे २०.९५ रुपये येतो. ही पद्धत सोयीची असली, तरी मधला कालावधी जितका दीर्घ तितकी त्रुटी वाढते.

भारताच्या संदर्भातील निष्कर्ष

दीर्घ कालावधीच्या अनुमानाचा धोका २००५ च्या फेरीत स्पष्ट झाला. त्यापूर्वी भारताने १९८५ च्या फेरीत भाग घेतला होता, तर चीन पूर्णांशाने प्रथमच २००५ मध्ये सहभागी झाला. नव्या किमती हाती आल्यानंतर दोन्ही देशांच्या अर्थव्यवस्थांचे आकारमान पूर्वीच्या अनुमानापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी ठरले. भारतासाठी एका डॉलरला १४.६७ रुपये हा दर निश्चित झाला. त्या वर्षी विनिमय दर सुमारे ४४ रुपये होता. एकही कारखाना बंद पडला नव्हता किंवा एकही एकर जमीन पडीक राहिली नव्हती. बदलली होती ती केवळ मोजपट्टी.

२०११ च्या फेरीत चित्र पुन्हा पालटले. भारताचा दर १५.११ रुपये इतका, अनुमानापेक्षा बराच कमी आला (तो पुढे १५.५५ असा सुधारण्यात आला) आणि क्रयशक्ती समतेनुसार भारत जगातील तिसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था ठरला. अँगस डीटन व बेटिना ॲटेन यांनी या दोन फेऱ्यांतील विसंगतीचा अभ्यास केला. २००५ मध्ये विविध प्रदेशांची जोडणी १८ निवडक देशांतील एका समान वस्तुसूचीच्या आधारे करण्यात आली होती. या जोडणीतील दोषामुळे जपान वगळता आशिया, पश्चिम आशिया व आफ्रिका येथील उपभोगाच्या किमती अमेरिकेच्या तुलनेत १८ ते २६ टक्क्यांनी अधिक दाखविल्या गेल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

२०१७ च्या फेरीनुसार भारताचा दर एका डॉलरला २०.६५ रुपये, तर विनिमय दर ६५.१२ रुपये होता. म्हणजेच भारतातील किंमतपातळी अमेरिकेच्या सुमारे ३२ टक्के होती. भारताचे उत्पादन ८,०५१ अब्ज आंतरराष्ट्रीय डॉलर, म्हणजे जागतिक उत्पादनाच्या ६.७ टक्के होते. चीनचा वाटा १६.४ टक्के, तर अमेरिकेचा १६.३ टक्के होता. मात्र एकूण आकारमानातील तिसरा क्रमांक म्हणजे राहणीमानातील तिसरा क्रमांक नव्हे. त्या वर्षी भारताचे दरडोई उत्पादन सुमारे सहा हजार आंतरराष्ट्रीय डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या जवळपास एक दशांश होते. किमतींतील फरक विचारात घेतल्यानंतरही उरणारी ही तफावत खऱ्या अर्थाने उत्पादकतेची तफावत आहे.

दारिद्र्यरेषा व क्रयशक्ती समता

या मापनाचा सर्वांत गंभीर परिणाम दारिद्र्याच्या मोजणीवर होतो. जागतिक बँकेने १९९० मध्ये 'दररोज एक डॉलर' ही आंतरराष्ट्रीय दारिद्र्यरेषा प्रचारात आणली. हा डॉलर विनिमय दराचा नसून क्रयशक्ती समतेचा आहे, ही बाब सार्वजनिक चर्चेत अनेकदा दुर्लक्षित राहते. ही रेषा अत्यंत गरीब देशांच्या स्वतःच्या दारिद्र्यरेषांवरून ठरविली जाते. नव्या फेऱ्यांनुसार ती २००५ च्या किमतींना १.२५ डॉलर, २०११ च्या किमतींना १.९० डॉलर, २०१७ च्या किमतींना २.१५ डॉलर आणि जून २०२५ पासून २०२१ च्या किमतींना ३ डॉलर अशी बदलत गेली.

२००५ च्या किमती हाती आल्यावर शाओहुआ चेन व मार्टिन रॅव्हॅलियन यांनी केलेल्या फेरमांडणीत विकसनशील जगातील गरिबांची संख्या १४० कोटींवर गेली. पूर्वीच्या अनुमानानुसार ती शंभर कोटींहून कमी होती. भारताच्या २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीवर आधारित जागतिक बँकेच्या अनुमानानुसार २.१५ डॉलरच्या रेषेखालील लोकसंख्या २.३ टक्के, तर ३ डॉलरच्या रेषेखालील लोकसंख्या ५.३ टक्के आहे. पाहणी एकच, कुटुंबे तीच, परंतु दोन आकड्यांत चार कोटींहून अधिक माणसांचा फरक आहे. या फरकास नव्या किमतींबरोबरच गरीब देशांनी आपल्या राष्ट्रीय दारिद्र्यरेषांत केलेली वाढही कारणीभूत आहे. कोणताही एक आकडा पुढे करून दारिद्र्य संपले वा वाढले असा दावा करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

दारिद्र्याच्या मोजणीत देशांतर्गत किमतींचा फरकही महत्त्वाचा ठरतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात ग्रामीण व नागरी भागांसाठी स्वतंत्र रेषा होत्या. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने राज्यनिहाय किंमतफरक विचारात घेतले. मुंबईतील भाडे व गडचिरोलीतील भाडे यांना एकाच राष्ट्रीय दराने मोजणे हे आंतरराष्ट्रीय विनिमय दराच्या चुकीचेच देशांतर्गत रूप होय.

अन्य साधने

क्रयशक्ती समतेखेरीज आणखी काही साधने प्रचलित आहेत. 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाने १९८६ मध्ये सुरू केलेला बिग मॅक निर्देशांक सर्वाधिक लोकप्रिय आहे. एकाच पद्धतीने बनविलेल्या बर्गरच्या विविध देशांतील किमतींवरून चलन अतिमूल्यित आहे की अवमूल्यित, याचा अंदाज बांधला जातो. भारतात गोमांसाचा बर्गर विकला जात नसल्याने तुलनेसाठी कोंबडीच्या मांसाचा महाराजा मॅक घेण्यात आला. समान वस्तू मिळविणे किती दुरापास्त आहे, हे या छोट्या तडजोडीतूनही दिसते. शिवाय बर्गरच्या किमतीत स्थानिक वेतन व भाडे अंतर्भूत असल्याने गरीब देशांची चलने नेहमीच अवमूल्यित दिसतात.

जागतिक बँकेची ॲटलास पद्धत तीन वर्षांच्या विनिमय दरांची, भाववाढीनुसार दुरुस्त केलेली सरासरी वापरते. देशांचे उत्पन्न गटांत वर्गीकरण याच पद्धतीने होते. तिने चढउतार सौम्य होतात, परंतु किंमतपातळीतील फरक दूर होत नाही. संशोधनात पेन वर्ल्ड टेबल या माहितीसंचाचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. समर्स व हेस्टन यांनी पेनसिल्व्हेनियात सुरू केलेले हे काम पुढे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठ व अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठ, डेव्हिस येथील अभ्यासकांनी चालू ठेवले आहे.

कोणते माप कोठे वापरावे?

क्रयशक्ती समता हे विनिमय दराचे सर्वत्र लागू पडणारे प्रतिस्थापन नव्हे. राहणीमान, दारिद्र्य व वास्तविक उत्पादन यांच्या तुलनेसाठी ती योग्य होय. मानव विकास निर्देशांकातील दरडोई उत्पन्न याच दराने मोजले जाते. युरोपीय संघात ज्या प्रदेशांचे दरडोई उत्पादन या मापाने संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आहे, त्यांना विकास निधीत प्राधान्य मिळते. याउलट खनिज तेलाची आयात, परकीय कर्जाची परतफेड वा संरक्षण सामग्रीची खरेदी ही बाजारातील विनिमय दरानेच करावी लागते. विक्रेता आंतरराष्ट्रीय डॉलर स्वीकारत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २००८ मध्ये स्वीकारलेल्या कोटा सूत्रात विनिमय दरावरील उत्पादनास ६० टक्के व क्रयशक्ती समतेवरील उत्पादनास ४० टक्के भार देण्यात आला, तो याच दुहेरी वास्तवामुळे होय.

हाच विवेक कौटुंबिक पातळीवरही उपयोगी ठरतो. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांतील मुले अमेरिकेत नोकरीस आहेत. २०१७ च्या दरांनी ६,००० डॉलरच्या मासिक वेतनाचे विनिमय दराने सुमारे ३ लाख ९१ हजार रुपये होतात. परंतु तेथेच राहून, तेथील भाडे व विमा भरून जगणाऱ्या कुटुंबाचे राहणीमान भारतातील सुमारे १ लाख २४ हजार रुपयांच्या वेतनाशी तुलनीय ठरते. मात्र त्या वेतनातून जी रक्कम गावाकडे पाठविली जाते, तिचे मूल्य विनिमय दरानेच ठरते. रक्कम कोठे खर्च होणार, यावर योग्य दर अवलंबून असतो.

समारोप

आंतरराष्ट्रीय तुलनेची कोणतीही पद्धत पूर्णतः निर्दोष नाही. विनिमय दर अस्थिर असून तो सेवांच्या किमतीकडे दुर्लक्ष करतो. क्रयशक्ती समता अधिक अर्थपूर्ण असली तरी ती अनुमान आहे, वस्तूंच्या निवडीवर, भारांकांवर व जोडणीच्या पद्धतीवर ती अवलंबून असते. म्हणून असे आकडे वाचताना ते कोणत्या दराने रूपांतरित केले आहेत, कोणत्या फेरीच्या किमतींवर आधारित आहेत आणि ते एकूण आहेत की दरडोई, या तीन बाबी तपासणे आवश्यक आहे. निरनिराळ्या फेऱ्यांतील आकडे थेट परस्परांशेजारी ठेवून प्रगतीचा निष्कर्ष काढणेही टाळावयास हवे.

धोरणकर्त्यांच्या दृष्टीने किंमत संकलनाच्या कामाचे महत्त्व यातून अधोरेखित होते. बाजारपेठेत प्रत्यक्ष जाऊन तांदळाचा, औषधांचा वा घरभाड्याचा दर नोंदविणाऱ्या सर्वेक्षकाच्या अचूकतेवर कोट्यवधी लोकांची गरीब वा गरीब नसलेले अशी गणना अवलंबून असते. ती नोंद जितकी विश्वसनीय व नियमित असेल, तितकी देशादेशांतील तुलना वास्तवाच्या अधिक जवळ जाईल.